ताईला पीएएच (फुफ्फुसाच्या धमन्यांमधलं वाढलेलं प्रेशर) निघालंय, रिस्क 'मध्यम' सांगितली आणि एकदम दोन गोळ्या चालू केल्या, असंच करतात का?

करीरोड_स्लो_लोकल:

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी ताई, वय ३४, सासर लालबागला, चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. दीडेक वर्षापासून जिना चढला की धाप लागायची. आधी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, मग एका ठिकाणी दमा म्हणून पंप दिला, सासूबाईंचं म्हणणं की वजन वाढलंय म्हणून होतंय सगळं. शेवटी करी रोडच्या पुलावर ऐन गर्दीत चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे कोणीतरी इको करा म्हणालं. इकोत फुफ्फुसाचं प्रेशर ७८ आलं. मग सीटी, वीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते बघतात), सांधेवाताच्या रक्ताच्या तपासण्या हे सगळं झालं, त्यात काही निघालं नाही. मग राईट हार्ट कॅथ, म्हणजे शिरेतून नळी उजव्या हृदयापर्यंत नेऊन आतलं प्रेशर मोजतात ते. रिपोर्टमधले आकडे टाकतो कारण इथे कळणारे लोक आहेत हे माहितीये: मीन पल्मनरी प्रेशर ५४, वेज (डाव्या हृदयाकडचं प्रेशर) १०, उजव्या एट्रियमचं (वरच्या कप्प्याचं) प्रेशर ९, कार्डियाक इंडेक्स (हृदय किती रक्त ढकलतं) २.२, पीव्हीआर (फुफ्फुसाच्या धमन्यांचा अडथळा) साडेबारा वुड युनिट. कॅथ चालू असताना एक गॅस देऊन बघितला, ते निगेटिव्ह आलं. सहा मिनिटांची चाल ३७२ मीटर. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ८४०. क्लास ३ (दम लागण्याच्या चार पायऱ्यांतली तिसरी) लिहिलंय.

निदान: इडिओपॅथिक (कारण न सापडलेलं) पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, म्हणजेच पीएएच, इंटरमीडिएट रिस्क. आणि पहिल्याच दिवशी ॲम्ब्रिसेंटान आणि टॅडॅलाफिल दोन्ही चालू, शिवाय लघवीची गोळी.

आता भाऊजींचे एक काका आहेत, औषध कंपनीत होते, ते म्हणतात असं कधी करतात का, आधी एक द्यायची, सहा महिने बघायचं, नाही लागू पडली तर दुसरी, हे डॉक्टर उगाच खर्चात पाडतायत. ऐकायला पटतं पण. त्यात मी नेटवर इंटरमीडिएट रिस्क शोधलं तर वर्षभरात मृत्यूचं प्रमाण ५ ते २० टक्के असं काहीतरी आलं, ते वाचल्यापासून झोप उडालीये, घरी कोणाला सांगितलेलं नाही. आणि परवा भाऊजींनी न राहवून बाहेरच्या लॅबमध्ये परत इको करून आणला, औषध चालू होऊन तीन आठवडे झालेत, तर प्रेशर ७४. म्हणजे एवढ्या महागड्या गोळ्या खाऊन फक्त ४ नी कमी??

अजून एक, जरा नाजूक विषय आहे. लग्नाला सहा वर्षं झालीत, मूल नाही. सासूबाई म्हणतायत ट्रीटमेंट चालू झालीच आहे तर आता वेळ घालवू नका. डॉक्टरांनी गरोदरपण टाळा म्हणून सांगितलंय पण ते कोणी नीट मनावर घेतलेलं दिसत नाही. धाकटा भाऊ म्हणून मी या विषयात कसं बोलू तेच कळत नाही.

सिनियर लोकांनी कृपया मार्गदर्शन करा.

निळी_छत्री:

दादा, आधी तो पाच ते वीसचा आकडा डोक्यातून काढा. मी पण पीएएचवालीच, बरीच वर्षं झाली, मुलुंडहून फोर्टला नोकरीला जाते (रोज नाही, तीन दिवस घरून). मला जेव्हा निदान झालं तेव्हा मी ताईपेक्षा वाईट होते, केस विंचरताना हात वर धरले तरी दम लागायचा.

माझं एका गोळीवर चालू केलं होतं, तेव्हा तशीच पद्धत होती, आणि पहिले काही महिने बरं वाटलं पण नंतर जिथल्या तिथे. दुसरी जोडल्यावर फरक पडला, तिसरी नंतर आली. आता माझ्याबरोबर फॉलोअपला ज्या नव्या मुली येतात त्यांना बहुतेकींना पहिल्यापासून दोन असतात. काकांना सांगा जमाना बदलला.

दोन गोळ्यांचा त्रास होतो हे मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरून बंद करणार नाही. डोकं दुखतं, कपाळावर घण बसल्यासारखं, तोंड लाल होतं, नाक चोंदतं, पाय सुजतात. टॅडॅलाफिलने मला पाठ आणि मांड्या दुखायच्या. बहुतेक सगळं काही आठवड्यात कमी होतं. सुजेचं मात्र अंगावर काढू नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लोणचं, पापड, सुकट, फरसाण, हे घरात असतंच आपल्या, ते ताईच्या ताटातून बाजूला करा. सगळ्यात कठीण तेच गेलं मला, औषधं परवडली.

बाकी मेडिकल भाग डॉक्टर लोक सांगतीलच.

ओमकार_कांजूर:

प्राणायाम आणि अर्जुनारिष्ट चालू करा, माझ्या मावशीचं प्रेशर दोन महिन्यात नॉर्मल झालं होतं. या ॲलोपॅथीच्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत.

रात्रपाळीचा_डॉक्टर:

ओमकारजी, मावशींचं बहुतेक हातावर पट्टा बांधून मोजतात ते बीपी असणार. हा आजार वेगळा. उजव्या हृदयातून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात, आतली वाट अरुंद होते, आणि सगळा भार उजव्या कप्प्यावर पडतो. श्वासाचे हलके व्यायाम टीमला विचारून करायला हरकत नाही, पण गोळ्या सोडून काढा हा सल्ला इथे जीवावर बेतू शकतो. अचानक बंद केल्या तर पेशंट वेगाने घसरतो.

करीरोड, तुमच्या प्रश्नांकडे येतो. मी परळच्या आसपास काम करतो, छातीचा डॉक्टर आहे, तुमचे ट्रीटिंग डॉक्टर नाही हे धरून वाचा.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे वर्कअप व्यवस्थित झालाय, हे खरंच नशीब समजा. निम्मे पेशंट आमच्याकडे नुसता इकोचा कागद आणि सिल्डेनाफिलची चिठ्ठी घेऊन येतात, कॅथ नाही, वीक्यू नाही. कॅथशिवाय पीएएच म्हणताच येत नाही. मीन प्रेशर २० च्या वर, वेज १५ किंवा कमी, पीव्हीआर २ च्या वर, ही २०२२ च्या युरोपियन गाईडलाईनची व्याख्या. ताईचं वेज १० म्हणजे डावं हृदय ठीक दिसतंय. वीक्यू स्वच्छ म्हणजे जुन्या गुठळ्यांचा प्रकार नाही, तो निघाला असता तर ऑपरेशनचा विचार आधी आला असता. गॅसची टेस्ट इडिओपॅथिकमध्ये करतात ती एवढ्यासाठी की थोड्या पेशंटमध्ये, साधारण दहातल्या एकात किंवा त्याहून कमी, धमन्या त्या गॅसने चटकन सैल होतात. मीन प्रेशर किमान १० ने उतरून ४० किंवा खाली यावं लागतं आणि हृदयाचा आउटपुट पडता कामा नये. असे पेशंट जास्त डोसच्या कॅल्शियम ब्लॉकरवर वर्षानुवर्षं छान राहतात. ताईचं निगेटिव्ह, म्हणजे तो रस्ता बंद.

आता ७८ चं ७४. भाऊजींना सांगा बाहेरून इको करून आणणं थांबवा. इकोवरचं प्रेशर हा अंदाज असतो, करणारा बदलला, प्रोबचा कोन बदलला तरी एवढा फरक पडतो. पण त्याहून मोठी गोष्ट सांगतो जी ओपीडीत सांगायला वेळ मिळत नाही: रिस्क काढायचा जो तक्ता आहे त्यात मीन पल्मनरी प्रेशरला रकानाच नाही. बसलात ना? ज्या आकड्यावरून आजाराचं नाव पडलं तोच नाही. कारण उजवा कप्पा दमला की तो प्रेशर तयारच करू शकत नाही, आणि मग आजार वाढत असताना आकडा खाली येतो. सोसायटीची मोटर जळायला आली की वरच्या मजल्यावर पाणी कमी दाबाने येतं, त्यावरून कोणी पाईप मोकळा झाला म्हणत नाही. म्हणून तक्त्यात काय आहे तर उजवा कप्पा किती तग धरून आहे हे सांगणाऱ्या गोष्टी. लक्षणं, पाय सुजणं वगैरे हार्ट फेल्युअरच्या खुणा, चक्कर येऊन पडणं, सहा मिनिटांची चाल, बीएनपी, इकोत उजव्या एट्रियमचा आकार आणि हृदयाभोवती पाणी आहे का, आणि कॅथमधून एट्रियल प्रेशर, कार्डियाक इंडेक्स, मिक्स्ड व्हीनस ऑक्सिजन (अंगातून परत आलेल्या रक्तात उरलेला ऑक्सिजन). इकोतलं प्रेशर येतं ते सुद्धा एकटं नाही, टॅप्सी भागिले प्रेशर असं येतं, म्हणजे कप्पा किती आकसतोय आणि कशाविरुद्ध आकसतोय दोन्ही मिळून.

ताईचं यात बसवून बघा. क्लास ३ मध्यम. चाल १६५ ते ४४० च्या मधे, मध्यम. एनटी-प्रोबीएनपी ३०० ते ११०० च्या मधे, मध्यम. एट्रियल प्रेशर ८ ते १४ मध्ये, इंडेक्स २ ते २.४ मध्ये, दोन्ही मध्यम. एकदाच चक्कर आली तीही मध्यमच, वारंवार आली असती तर वरच्या खणात. म्हणजे डॉक्टरांनी अंदाजपंचे लिहिलेलं नाही.

तुम्ही वाचलेलं ५ ते २० टक्के हे खरंय, लपवून उपयोग नाही. कमी रिस्क म्हणजे वर्षभरात ५ टक्क्यांच्या खाली, जास्त म्हणजे २० च्या वर. पण ते मोठ्या रजिस्ट्रीतल्या (पेशंटच्या नोंदींच्या) गटांवरून आलेत, त्यात सत्तरीतले पेशंट आहेत, स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव ताठर करणारा आजार) असलेले आहेत. ३४ वर्षांच्या तुमच्या ताईचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. आम्ही तो आकडा बघतो तो औषध किती जोरात चालू करायचं हे ठरवायला. आणि आज मध्यम आहे म्हणजे कायम मध्यम राहणार असं अजिबात नाही, उलट औषध चालू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी जी रिस्क येते ती पहिल्या रिस्कपेक्षा जास्त खरं सांगते.

काकांचा मुद्दा जेवून आल्यावर लिहितो, वॉर्डातून फोन आला.

कोळीवाडा_९:

डॉक्टर, तोपर्यंत मी एक सांगून घेतो कारण आमच्याकडे उलटं झालं होतं. वडिलांना पण इकोत प्रेशर जास्त आलं, नातेवाईकातल्या कोणीतरी सांगितलं ही गोळी याच्यावर असते, एका फॅमिली डॉक्टरनी सिल्डेनाफिल चालू पण केली. नंतर कळलं की त्यांचा व्हॉल्व खराब, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, मायट्रल स्टेनोसिस (डाव्या बाजूचा व्हॉल्व अरुंद). प्रेशर डाव्या बाजूने मागे साचत होतं. फुग्याने व्हॉल्व उघडला आणि प्रेशर खूप उतरलं. त्यामुळे धागा वाचून कोणी आपापल्या घरच्यांना या दोन गोळ्या सुचवू नका कृपया. इकोत पल्मनरी हायपरटेन्शन लिहिलेल्या लोकांत ताईसारखे थोडेच, बाकी डाव्या हृदयाचे किंवा फुफ्फुसाच्या आजाराचेच जास्त.

रात्रपाळीचा_डॉक्टर:

कोळीवाडा, शंभर टक्के. त्या पेशंटला धमन्या सैल करायचं औषध दिलं तर कधीकधी फुफ्फुसात पाणी भरतं.

हं, दोन गोळ्या. या आजारात धमनी आवळणारी एक वाट आहे, एंडोथेलिनची, ती अडवायला ॲम्ब्रिसेंटान, बोसेंटान, मॅसिटेंटान. धमनी सैल करणाऱ्या दोन वाटा आहेत, एक नायट्रिक ऑक्साईडची, तिला जोर द्यायला सिल्डेनाफिल, टॅडॅलाफिल किंवा रिओसिग्वॅट, आणि दुसरी प्रोस्टासायक्लिनची, तिच्यावर सेलेक्सिपॅगची गोळी आणि पंपाने (दम्याच्या पंपाने नव्हे, अंगाला लावलेल्या छोट्या मशीनने सतत) द्यायची ट्रेप्रोस्टिनिल वगैरे. वाटा वेगळ्या असल्यामुळे दोन औषधं एकमेकांचं काम दुप्पट करत नाहीत, दोन वेगळ्या बाजूंनी काम करतात. काका म्हणतात ती पद्धत वाईट हेतूची नव्हती, आम्ही पण तसंच शिकलो, एक द्या, बिघडलं की दुसरं जोडा. अडचण अशी की बिघडायची वाट बघेपर्यंत उजवा कप्पा पसरून बसतो आणि तो परत जागेवर येईल याची खात्री नसते.

२०१५ मध्ये ॲम्बिशन नावाची ट्रायल आली. नेमकी हीच जोडी, ॲम्ब्रिसेंटान आणि टॅडॅलाफिल, ५०० नवे पेशंट. एका गटाला दोन्ही, बाकीच्यांना कुठलंतरी एकच. क्लिनिकल फेल्युअर, म्हणजे मृत्यू, आजार वाढून ॲडमिट होणं, आजार पुढे सरकणं किंवा औषधाचा पुरेसा उपयोग न दिसणं, हे सगळं मिळून दोन औषधांच्या गटात १८ टक्के आणि एकाच औषधाच्या गटात ३१ टक्के. धोका जवळपास निम्म्यावर. त्यात सगळ्यात मोठा फरक ॲडमिट व्हावं लागण्यात होता. म्हणजे काकांना पैशाच्या भाषेतच सांगायचं तर मुंबईत एका आयसीयू ॲडमिशनचं बिल आणि एका जास्तीच्या गोळीचा महिन्याचा खर्च, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

मग तीन का नको असं कोणी विचारेल. तेही करून झालंय, ट्रायटन ट्रायल, २०२१. मॅसिटेंटान, टॅडॅलाफिल आणि सोबत पहिल्यापासून सेलेक्सिपॅग. सहा महिन्यांनी पीव्हीआर तीन गोळ्यांत ५४ टक्के उतरला आणि दोन गोळ्यांत ५२. काही फरक नाही म्हणा. म्हणून मध्यम रिस्कला दोन गोळ्या, आणि तीन पहिल्यापासून फक्त जास्त रिस्कवाल्यांना, तेही तिसरं औषध पंपाने किंवा शिरेतून देण्याचं. उलट म्हातारं माणूस, वजन जास्त, डायबिटीस, बीपी, फुफ्फुसाची क्षमता कमी, अशांना एकाच गोळीने सुरुवात करतात कारण दोन सोसत नाहीत आणि उपयोगाचा पुरावाही कमी. काकांचा नियम तिथे लागू आहे, ताईला नाही.

आता पुढे. तीन-चार महिन्यांनी परत मोजायचं. तेव्हा मात्र तीन खणांऐवजी चार खण करतात, कारण मधल्या खणात एवढी गर्दी होते की बरं होतंय की घसरतंय कळत नाही.

औषधवाली_नौपाडा:

मी फार्मासिस्ट, ठाण्याला काउंटरवर उभी असते. डॉक्टरांनी सांगितलं त्यात घरी रोज उपयोगी पडेल असं थोडं घालते.

सॉर्बिट्रेट. आपल्याकडे प्रत्येक आजोबांच्या पाकिटात असते आणि कोणाच्या छातीत दुखलं की लोक लगेच जिभेखाली ठेवतात. ताईने टॅडॅलाफिल घेतलेली असताना ही दिली तर बीपी धाडकन खाली जाईल. घरच्यांना, ऑफिसमध्ये, शेजारच्यांना सांगून ठेवा, आणि ताईच्या पर्समध्ये औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. त्याच कारणाने टॅडॅलाफिल किंवा सिल्डेनाफिलबरोबर रिओसिग्वॅट कधीच नाही. पुढेमागे बदललं तर आधीची बंद करून मधे गॅप ठेवूनच, जुनी स्ट्रिप घरात शिल्लक ठेवू नका.

नाक चोंदतं म्हणून सर्दीची कॉम्बिनेशन गोळी स्वतः घेऊ नका, त्यात नाक मोकळं करायचं जे औषध असतं ते धमन्या आवळतं. टीबीचं औषध कधी चालू करायची वेळ आली (आपल्या शहरात येऊ शकते) तर आधी पीएएचच्या डॉक्टरांना कळवा, रिफाम्पिसिनमुळे टॅडॅलाफिल रक्तात खूपच कमी राहतं, बोसेंटान मॅसिटेंटानचं पण तसंच. बोसेंटानवर असलेल्यांनी लिव्हरची तपासणी दर महिन्याला, चुकवायची नाही, आणि डायबिटीसची ग्लिबेनक्लामाइड त्याच्याबरोबर चालत नाही. ॲम्ब्रिसेंटानला लिव्हरचा त्रास कमी पण सूज जास्त, हिमोग्लोबिन पण थोडं उतरतं, ते बघत राहायचं.

काउंटरवरचा एक वैताग सांगते. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध, त्यामुळे बाई ती मागायला आली की पोरं एकमेकांकडे बघून हसतात. माझ्या दुकानात मी हे बंद केलंय पण सगळीकडे नाही. काही बायका या लाजेपायी नवऱ्याला पाठवतात, नवरा ओव्हरटाईमला, आणि डोस बुडतो. सरळ एका दुकानाशी ठरवून टाका, महिन्याची ऑर्डर फोनवर, आणि पावसाळ्यात किमान पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा. हिंदमाताला पाणी भरलं की लालबागहून निघणार कसे? मेडिक्लेममध्ये गोळ्यांचे पैसे बहुतेक मिळत नाहीत, ॲडमिशनचेच मिळतात, तेव्हा डॉक्टरांनाच विचारा की याच औषधाचा भारतीय कंपनीचा कमी किमतीचा ब्रँड चालेल का. बऱ्याचदा चालतो, आणि फरक मोठा असतो. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलत बसू नका.

करीरोड_स्लो_लोकल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना ॲम्बिशनचं सांगितलं, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की ठीक आहे पण डोस कमी ठेवा 😅

डॉक्टर, तुम्ही चार खण म्हणालात ते मी शोधून गणित करून बघितलं. क्लास ३ चे ३ मार्क, ३७२ मीटरचे २, ८४० चे ३, बेरीज ८ भागिले ३ म्हणजे २.६७, राउंड करून ३. म्हणजे मध्यमातला वरचा खण, जास्तच्या अलीकडचा. बरोबर आहे का? आणि मग तर पंपाचं औषध लागतं असं लिहिलंय, पोटात गोळा आलाय परत.

रात्रपाळीचा_डॉक्टर:

गणित बरोबर, वेळ चुकली. चार खणांचा तक्ता औषध चालू झाल्यानंतरच्या भेटीसाठी आहे. सुरुवातीला तीन खणांचाच, कारण तेव्हा इको आणि कॅथ सगळं धरायचं असतं. गोळ्यांना काम करायला वेळच दिलेला नाही तर पुढची पायरी आत्ताच कशाला.

तुम्हाला आकड्यांची आवड दिसते तर समजा चार महिन्यांनी ताई क्लास २, चाल ४३०, एनटी-प्रोबीएनपी २८० अशी आली. क्लास १ किंवा २ ला १ मार्क, ४३० ला २ कारण ४४० च्या वर नाही, २८० ला १ कारण ३०० च्या खाली. चार भागिले तीन, १.३३, राउंड १. कमी रिस्क, याच गोळ्या पुढे चालू. आम्हाला तिथेच पोचायचं असतं. 'पूर्वीपेक्षा बरं वाटतंय' एवढ्यावर समाधान मानून थांबायची सवय मात्र आपल्याकडे फार आहे, पेशंटची पण आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांची पण. मोजलं नाही तर कळत नाही की ताई बरी आहे की तिने जिना चढणंच सोडून दिलंय. चाळीतल्या बायका हे हमखास करतात, खाली उतरणं बंद, मग विचारलं की म्हणतात आता दम लागत नाही.

मार्क २ आले तर सेलेक्सिपॅग जोडायचा किंवा टॅडॅलाफिलच्या जागी रिओसिग्वॅट द्यायचा विचार. रिप्लेस नावाच्या ट्रायलमध्ये मध्यम रिस्कच्या पेशंटना असं बदलून दिल्यावर ४१ टक्के लोकांत सुधारणा दिसली, न बदललेल्यांत २० टक्के. मार्क ३ किंवा ४ आले तर पंपाचं औषध, आणि त्याच वेळी फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या टीमला एकदा दाखवून ठेवायचं. दाखवून ठेवणं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही, पण मुंबईत झेडटीसीसीच्या (अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या) यादीत नाव जायला तपासण्यांना वेळ लागतो, शेवटच्या घटकेला धावाधाव करून होत नाही. पंपाची औषधं आपल्याकडे मिळवणं आणि परवडणं दोन्ही अवघड, ते मान्य, म्हणून तर गोळ्यांवरचा काळ नीट मोजून वापरायचा. सोटाटरसेप्ट नावाचं इंजेक्शन पण आलंय, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, तीन आठवड्यांतून एकदा त्वचेखाली, आधीच्या औषधांवर असलेल्या पेशंटमध्ये चालीत साधारण ४० मीटरची भर पडली. ताईच्या पहिल्या टप्प्यात त्याचा विषय नाही, पण कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर गोंधळू नका म्हणून सांगितलं.

डोस कमी ठेवायचं काकांवर सोडू नका. कमी डोसने चालू करून काही आठवड्यांत वाढवतातच, तो ठरलेला डोस गाठणं हा औषधाचा भाग आहे.

आता गरोदरपण. याबाबतीत मी गुळमुळीत बोलणार नाही. पीएएचमध्ये गरोदरपणात रक्ताचं प्रमाण खूप वाढतं, ताईचा उजवा कप्पा आधीच कसाबसा चालतोय, आणि बाळंतपणानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. आईचा जीव जाऊ शकतो, सरळ आहे. वर ॲम्ब्रिसेंटान, बोसेंटान, मॅसिटेंटान तिन्ही पोटातल्या बाळाला अपाय करतात. म्हणून ट्रीटमेंट चालू झाली म्हणून आता चान्स घ्या हे अगदी उलटं आहे. तुम्ही धाकटे आहात तर तुम्ही बोलूच नका. पुढच्या अपॉइंटमेंटला भाऊजी आणि सासूबाई दोघांना घेऊन या आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा की हा विषय तुम्हीच काढा. आम्हाला सवय असते. पाळणा लांबवायला काय वापरायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पीएएचचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं, बोसेंटानवर असताना हॉर्मोनच्या गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

निळी_छत्री:

डॉक्टरांच्या या शेवटच्या मुद्द्याला माझा दुजोरा. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तेव्हा त्या दुखावल्या, बरेच दिवस धड बोलल्या नाहीत, पण नंतर विषय संपला तो संपलाच. घरातल्या कोणी सांगितलं असतं तर अजून चालू असता.

करीरोड, सहा मिनिटांच्या चालीबद्दल एक. ती तीस मीटरच्या पॅसेजमध्ये घेतात, दोन टोकांना शंकू ठेवतात आणि फेऱ्या मारायच्या, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, शेवटी किती दम लागला ते शून्य ते दहा असं विचारतात. ताईला त्या दिवशी साडीत किंवा सपाट चपलेत नेऊ नका, सलवार कमीज आणि बूट, आणि आधी पोटभर जेवण नको. शेवटच्या मिनिटाला लाजून पळायला लागू नये आणि उगाच रेंगाळूही नये, थांबावंसं वाटलं तर थांबायला परवानगी असते, घड्याळ चालू राहतं. दर वेळी साधारण तेच कपडे, तेच बूट, म्हणजे मागच्याशी तुलना खरी होते. आणि लालबागहून टॅक्सीने जा, करी रोडचा पूल चढून थेट टेस्टला उभं राहायचं नाही.

करीरोड_स्लो_लोकल:

बूट घेतो ताईला. भाऊजींशी बोललो, पुढच्या भेटीला सासूबाईंना घेऊन येतायत, डॉक्टरांच्या असिस्टंटला मी उद्या सकाळी फोन करतोय. अजून एक विचारायचं राहिलं, तिची अक्कलदाढ दुखतेय आणि डेंटिस्ट काढू म्हणतोय, ते चालेल का?

रात्रपाळीचा_डॉक्टर:

नुसती जागा बधिर करून साधी काढता येत असेल तर बहुतेक जमतं, पण डेंटिस्टला औषधांची चिठ्ठी दाखवा आणि पीएएचच्या डॉक्टरांचा होकार घेऊनच खुर्चीवर बसवा. पूर्ण भूल द्यावी लागणार असेल तर दवाखान्यात अजिबात नाही, या आजारात भूल देणं हे स्वतःच मोठं काम आहे, मोठ्या हॉस्पिटलमध्ये, हा आजार हाताळलेल्या भूलतज्ज्ञाकडेच. तोपर्यंत दुखतंय म्हणून मेडिकलमधून स्वतः पेनकिलर घेऊ नये, बऱ्याच पेनकिलरने अंगात पाणी धरतं. पॅरासिटामॉल चालेल.